कात्सुओ आला रे आला

सरका! अहो, तुम्हालाच ओरडतोय तो. भाषा कळली नसेल, पण पाठीत बसलेला धक्का कळला ना? मग त्या लाकडी भिंतीला चिकटून उभे राहा आणि आधी पायांखाली बघा. पायांत गवताच्या दोरीच्या वहाणा आहेत, त्या भिजून चिंब झाल्यात, आणि खाली जे चपचप वाजतंय तो पावसाचा चिखल नाही. माशांचं पाणी, खवले, मधूनच एखादं आतडं. इथे घसरलात तर उचलायला कुणी थांबणार नाही. सगळ्यांना घाई आहे, आणि ती कशाची आहे ते रात्रीपर्यंत तुम्हाला नीट कळेल.

तुम्ही एदोत आहात. याच शहराला पुढे तोक्यो म्हणतील. साल १८३० च्या आगेमागे, उन्हाळा नुकता लागलेला, आणि निहोनबाशी पुलाच्या काठावरच्या मासळीबाजारात पहाट फुटतेय. शहरात दहा लाखांवर माणसं राहतात म्हणे. ती सगळी आत्ता या एकाच गल्लीत शिरली आहेत असं तुम्हाला वाटेल. ससून डॉकला कधी पहाटे गेला असाल तर तुमची निम्मी तयारी झालेली आहे. फरक एवढाच की इथे कोळणी नाहीत. शिव्या घालणारे, भाव फोडणारे, टोपल्या ओढणारे जवळपास सगळे बाप्ये. कमरेला लंगोट, कपाळाला पिळलेलं फडकं, आणि खांद्यापासून मांडीपर्यंत गोंदलेले ड्रॅगन घामाने चकाकताहेत.

वासाने दचकू नका. ताज्या माशाला मुळात वास फार कमी असतो. तुम्हाला जो येतोय तो कालच्या माशाचा, परवाच्या आतड्यांचा आणि वर्षानुवर्षं मासळीचं पाणी प्यायलेल्या लाकडाचा. दोन्ही बाजूंना दुकानांपुढे रुंद फळ्या टाकल्यात, त्यांवर मासे मांडलेत: लालसर ताई, चंदेरी कोहादा, टोपलीत अजून वळवळणारे शिंपले. फळीवर पाणी मारलं जातं, ते तुमच्या पिंढऱ्यांवर उडतं. गार असतं. बरं वाटतं, खोटं कशाला बोला?

आता नदीकडे बघा. एक लांब, निमुळती होडी येतेय, आठ माणसं वल्ही मारताहेत, आणि त्यांचे चेहरे असे झालेत की रात्रभर कुणी त्यांना वाघ दाखवून पळवत आणलंय. ही होडी तुम्ही पूर्वी पाहिली आहे. होकुसाईचं ते जगप्रसिद्ध लाटेचं चित्र आठवा, मुंबईत निम्म्या कॉफीच्या दुकानांत लटकलेलं असतं ते. लाटेखाली तीन होड्या आहेत आणि त्यांत माणसं वाकून बसली आहेत, आठवतंय? त्या याच. मासळी घेऊन एदोला धावणाऱ्या या होड्या. चित्रकार याच शहरात राहतो आणि ते चित्र साधारण याच सुमाराला छापलं जातंय. आपण चित्रात लाट बघतो, फुजी पर्वत बघतो. एदोच्या माणसाला त्या होड्या दिसल्या की तोंडाला पाणी सुटत असणार.

कारण त्या होडीत कात्सुओ आहे. आपल्या कोकणातल्या कुप्याचा भाऊबंद. बुटका, गच्च भरलेला, पाठ गडद निळी, पोट चांदीसारखं आणि पोटावर लांबच लांब काळ्या रेघा. कामाकुराच्या समुद्रात काल हा पोहत होता. बर्फ नाही, पेटी नाही, इंजिन नाही. आहे ते माणसांच्या दंडातलं बळ. म्हणून ती आठ वल्ही.

हंगामातला पहिला कात्सुओ खाण्याचं या शहराला वेड आहे. साधं वेड नव्हे. हिवाळ्याचे कापूस भरलेले कपडे गहाण टाकून लोक मासा आणतात, आणि बायको गहाण टाकावी लागली तरी चालेल असं नवरे बोलून दाखवतात. (बायकांचं यावर काय म्हणणं होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, निदान नवऱ्यांनी तरी नाही.) १८१२ साली पहिल्या दिवशी या बाजारात सतरा कात्सुओ आले. त्यातले सहा शोगुनच्या, म्हणजे इथल्या राज्यकर्त्याच्या, मुदपाकखान्यात गेले. तीन याओझेन नावाच्या बड्या उपाहारगृहाने उचलले. उरलेले आठ मासळीवाल्यांकडे गेले, त्यांतला एक नाकामुरा उताएमोन या काबुकी नटाने तीन र्‍यो मोजून घेतला आणि रंगपटातल्या नटांना वाटून टाकला. तीन र्‍यो म्हणजे सुताराची महिन्याभराहून जास्त मजुरी. एका माशाला! नाटक कसं झालं ते कुणाच्या लक्षात नाही, मासा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

मागे सरका पुन्हा. हातात आकडा घेतलेला तो माणूस शोगुनच्या स्वयंपाकघरातला. त्याने माशाला आकडा लावला की मासा सरकारजमा, आणि जो भाव मिळेल तो मिळेल. म्हणून बघा, तो आला तसा शेजारच्या दुकानदाराने सगळ्यात टपोरा ताई कसा अलगद फळीखाली सरकवला. तुम्ही काही पाहिलेलं नाही.

आता पळायची तयारी करा. तो पोरगेला फेरीवाला दिसतोय ना, खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना उथळ लाकडी टोपल्या, त्याच्या मागे जायचं आहे. चालत नव्हे. कात्सुओचा फेरीवाला चालत नाही. दुपारपर्यंत माशाची किंमत निम्म्यावर येते, संध्याकाळपर्यंत तो फुकट दिला तरी नको वाटतो, म्हणून हा पळतो. पुलावर चढलात की लाकडी खडावांचा असा खडखडाट कानावर आदळेल की स्वतःचा श्वास ऐकू येणार नाही. समोर उजाडलं असेल तर फुजी दिसेल. बघायला थांबू नका, पोरगं पुढे गेलं. डावीकडे इल भाजण्याच्या कोळशाचा धूर, त्यात सोयाबीनच्या सॉसचा जळकट गोड वास. उजवीकडे कालव्यातून एक सावकाश जाणारी होडी, तिच्यात झाकलेले बुधले. तिच्याकडे बघून नाक दाबलंत ना? बरोबर ओळखलंत. शहराचा मैला आहे तो. शेतकरी विकत घेऊन जातात, आणि परतताना भाजी आणतात. हे ध्यानात ठेवा, थोड्या वेळाने पानांची गोष्ट निघाली की उपयोगी पडेल. किंवा विसरून जा; तेच बरं.

पोरगं एका बोळात वळलं. ही नागाया, लाकडी चाळ. बोळ इतका अरुंद की मधोमध गटारावर टाकलेल्या फळ्यांवरूनच चालायचं. दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक खोली नऊ फूट रुंद आणि बारा फूट लांब, त्यातच चूल, माठ आणि अख्खं कुटुंब. टोकाला विहीर, विहिरीला लागून संडास, संडासाला लागून कचऱ्याचा खड्डा. विहिरीत झऱ्याचं पाणी नसतं. लांबच्या कालव्यातून लाकडी नळांनी ते जमिनीखालून आणलेलं असतं. पाणी ओढणाऱ्या बायका एकमेकींच्या सासवांचा उद्धार करताहेत. हे कळायला भाषा यावी लागत नाही.

“कात्सुओ! कात्सुओ!”

एका हाकेसरशी बारा दारं सरकली. हंगामाचा पहिला आठवडा ओसरलाय, भाव काहीशे मोनांवर उतरलाय, पण एका घराला अजून परवडण्यासारखा नाही. म्हणून तीन घरं मिळून एक मासा. कोपऱ्यातली सुतारीण पुढे झाली. तिला आपण काकी म्हणू. तिने तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, उपाशी आहात हे ओळखलं, आणि तुमचाही वाटा धरला. पैसे काढा. तुमच्या कमरेला चौकोनी भोकाच्या मोन नाण्यांची माळ आहे. तिच्यात नाणी शहाण्णव आहेत, पण माळ शंभराची धरतात. चार कुठे गेली असं विचारू नका. सगळं शहर तसंच मोजतं आणि कुणी कुणाला फसवत नाही.

पोराने टोपलीवर फळी आडवी टाकली, कमरेचा सुरा काढला. आता मात्र खाली बसा आणि जवळून बघा, कारण असं काम रोज बघायला मिळत नाही. डोक्यामागचे, परांजवळचे कडक खवले त्याने पातळ साल काढावी तसे खरवडून टाकले. बाकी अंगाला या माशाला खवले नसतातच जवळपास. एक तिरका घाव या बाजूने, एक त्या बाजूने, डोकं वेगळं, आणि डोक्याबरोबर आतडीही ओढली गेली. एक तांब्या पाणी. मग काट्याला सुरी घासत शेपटीपर्यंत. करकर असा बारीक आवाज येतो तो काट्याचा. एक पाख सुटली, उलटवून दुसरी सुटली. आत मांस गुलाबी नाही, गर्द लाल आहे, माणकासारखं, आणि मधोमध त्याहून काळपट रक्ताची पट्टी. ती पट्टी कापून बाजूला काढली, मांजर वाटच पाहत होतं. चांदीसारखी कातडी तशीच ठेवून त्याने बोटभर जाडीचे काप पाडले. आठ-दहा श्वासांत मासा संपला. पोराने फळीवर पाणी मारलं, कावड उचलली आणि तो पुढच्या बोळात पळाला. घाम पुसायलाही तो थांबला नाही.

आत या. वाकून. उंबऱ्याशी वहाणा काढा. चटईचा सुका गवताळ वास येतोय, त्यामागे रात्रीच्या दिव्याचा. दिव्यात सार्डिनचं तेल जळतं, म्हणजे या घरात झोपेतसुद्धा मासाच असतो.

काकी वाटीत मोहरीची पूड घेऊन कोमट पाण्याचे थेंब टाकत ती घोटायला लागली. जोरजोराने, दात-ओठ खात. मोहरी रागाने फेसली तरच झणझणीत होते अशी तिची खात्री आहे. तुमच्या आजीचीही लोणचं घालताना होती. मग वाटी पालथी घालून ठेवली, वाफ कोंडून राहावी म्हणून. वासाबी कुठे, असं विचारताय? वासाबी आहे या शहरात, पण कात्सुओला मोहरीच. एदोकराशी यावर वाद घालू नका.

ताटलीत आधी मुळ्याचा केसासारखा बारीक कीस, त्याचा ढीग. त्यावर लाल काप, एकावर एक कलंडलेले. आणि मग काकीने कोनाड्यातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पुडी काढली आणि खोलीचा वासच बदलला.

ती शिसोची पानं. शिसो म्हणजे तुळशीच्या आणि पुदिन्याच्या कुळातली वनस्पती. पान तुळशीपेक्षा बरंच रुंद, कडा करवतीसारख्या, हिरवंही असतं आणि जांभळंही. आपल्याकडे उत्तराखंडात तिचीच बहीण भंगजीरा म्हणून पिकवतात, पण तिथे मान बियांना, चटणीसाठी. इथे मान पानाला. हंगाम अजून कोवळा आहे, म्हणून मोठी पानं चारच, बाकी बोटाच्या पेरापेक्षा लहान जांभळी रोपं, नुकती उगवलेली. त्यांच्यासोबत आणखी एक चिमूट लालभडक अंकुर: ते तादे, पाणथळीतलं तिखट. शहराच्या पूर्वेला सुनामुरात शेतकरी तेलकागदाच्या आडोशाखाली भाजीपाला हंगामाआधी काढतात, आणि त्याला ऊब देतात ती एदोच्याच स्वयंपाकघरातल्या कुजणाऱ्या कचऱ्याने. कचरा त्यांना, कोवळी भाजी तुम्हाला. आणि ती मघाची सावकाश जाणारी होडी? नाही, नाही. विसरायचं ठरलं होतं.

आता खायचं. थांबा, तोंड असं करू नका. कच्चा आहे हे मलाही दिसतंय. फोडणी नाही, कोकम नाही, हळदसुद्धा लावलेली नाही; घरी कुणी असा मासा वाढला असता तर तुम्ही ताट सरकवलं असतंत. शाकाहारी असाल तर मुळा आणि पानं तुमची, कुणी काही म्हणणार नाही. बाकीच्यांनी काप उचला. त्याच्या टोकाला मोहरी लावा, जरा कमी लावा. सोयाबीनच्या काळ्या सॉसमध्ये एक कड बुडवा, अख्खा काप नको. आणि शिसोचं पान काडीने उचलून कापाभोवती गुंडाळा.

पहिल्यांदा जिभेला लागतो तो गारवा, मग खारटपणा. मग दात बसतात आणि तुम्हाला वाटलं होतं तसं लिबलिबीत काही नसतं. मांसाला घट्टपणा आहे, किंचित लवचीकही. आणि चव रक्ताची, लोखंडाची, हो, थोडी रानटीच. नेमकं तेव्हा पान तुटतं. जिरं, पुदिना, दालचिनी आणि लिंबाची साल यांच्या मधोमध कुठेतरी असलेला तो वास आतून नाकात चढतो, रक्ताची चव मागे हटते, आणि मोहरी डोळ्यांतून पाणी काढते. काकी हसतेय. तिचा नवराही हसतोय. तुमच्या नाकातून आलेलं पाणी बघून शेजारचं पोरगं तर लोळायच्या बेतात आहे. दुसरा काप तुम्ही न सांगता उचलाल, मी पैज लावतो.

पान कशाला, हे काकीला विचारलंत तर ती तुम्हाला चीनमधल्या हुआ तुओ वैद्याची कथा सांगेल: खेकड्यांवर आडवा हात मारून मरायला टेकलेला एक पोरगा, आणि वैद्याने जांभळ्या पानांचा काढा पाजून त्याला उठवलं. कथा आहे, सोडून द्या. पण कथेमागचं तर्कट अगदीच फुसकं नाही. पानाला वास देणारं द्रव्य जंतूंच्या वाढीला थोडा आळा घालतं, हे पुढे प्रयोगशाळांत दिसून आलंच. म्हणून दोन पानांनी खराब मासा चांगला होतो असं मात्र नाही. माझं मत विचाराल तर काकी पान वाढते ते औषध म्हणून नाही. कच्च्या माशात जे जे माणसाला मागे ओढतं, रक्त, ओशटपणा, समुद्राचा तो उग्रपणा, त्या सगळ्याला पान उत्तर देतं. मुळा तोंड धुतो, मोहरी झोप उडवते, आणि पान माशाला माणसात आणतं. तिघांतलं एक काढा, ताटली लंगडते.

आणि काकीने डोकं टाकलेलं नाही हं. काटा आणि डोकं मघाच मडक्यात गेलंय, उकळतंय, त्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, कालवलाय. वाडगा तुमच्या हातात देण्याआधी तिने एक इवलंसं, पिसासारखं पान तळहातावर घेतलं, आणि टाळी वाजवली. खरंच टाळी, एकच. मग ते पान तिने वाफेवर अलगद सोडलं. वास घ्या.

तुम्ही मालवण-वेंगुर्ल्याकडचे असाल, गोव्याचे असाल, तर आत्ता तुम्ही दचकला असाल. तिरफळ! बांगड्याच्या तिखल्यात असतं ते, जीभ बधिर करून लिंबासारखं दरवळणारं. चूक नाही तुमची. काकीने टाकलं ते सान्शोच्या झाडाचं कोवळं पान, किनोमे, आणि सान्शो व तिरफळ ही एकाच प्रजातीतली सख्खी चुलत झाडं. आपण वाळलेलं फळ ठेचून घेतो, बी फेकतो. हे लोक पानही खातात. दोन किनारे, मध्ये हिंदी महासागर आणि वर आणखी चीनचा समुद्र, आणि दोन्हीकडच्या बायकांना ओशट माशाशेजारी हेच काटेरी झाड आठवलं. कुणी कुणाकडून शिकलं असावं असं वाटत नाही. मासाच तसा आहे, त्यानेच शिकवलं.

दुपारी काही नाही. उकाडा, माश्या, घंटेचा दूरचा आवाज. चाळीतली माणसं सावलीच्या बाजूला सरकतात आणि गप्प होतात. सार्वजनिक हमामखान्यात एक फेरी मारून या; वाकून आत शिरायचं, आत काळोख आणि वाफ, कोणाची पाठ कोणाला लागते कळत नाही, पाणी इतकं कढत की तुम्ही किंचाळाल आणि म्हातारे तुमच्यावर हसतील. पण सकाळपासून अंगाला चिकटलेला बाजार तिथेच उतरेल.

उन्हं कलली की र्‍योगोकू पुलाकडे चला. इथे गाड्या लागतात, कागदी कंदील पेटतात, आणि हातात काही ना काही धरून खाणाऱ्यांची गर्दी होते. हानाया योहेई नावाच्या माणसाने अलीकडेच या भागात एक नवं खाणं गाजवलंय. आंबवलेल्या भाताच्या सुशीला पूर्वी दिवसच्या दिवस लागत. याने शिर्का लावलेला ताजा भात मुठीत दाबला, वर मासा ठेवला, झालं. उभ्या-उभ्या खा आणि कामाला लागा. घाईच्या शहराला घाईचा घास. पण आकार बघून दचकाल. तुम्हाला ठाऊक असलेल्या सुशीपेक्षा हा गोळा भलताच मोठा, दोन-तीन घासांचा. भाताचा रंगही तांबूस, कारण शिर्का साकेच्या चोथ्यापासून केलेला. वर कोहादा, मीठ-शिर्क्यात मुरवलेला, म्हणजे अगदी कच्चाही नाही. एकाला चार मोन, चांगल्या माशाला आठ.

ट्यूनाचा पोटाकडचा चरबीदार भाग मागून बघा. गाडीवाला तुमच्याकडे दयेने बघेल. ते गरिबाचं खाणं, नाहीतर फेकायचं. तुमच्या काळात त्या दोन तुकड्यांना हॉटेलवाले किती पैसे लावतात हे त्याला सांगू नका, तो गाडी बंद करून वेड्यासारखा हसत सुटेल.

सुशीच्या दोन प्रकारांच्या मध्ये एक हिरवी पट्टी दिसतेय? ते बांबूसारख्या सासाचं पान, सुरीने कातरलेलं. एकाचा रस दुसऱ्याला लागू नये म्हणून मध्ये घातलेलं, वर त्याचा ओल्या गवतासारखा वास भाताला लागतो तो वेगळाच. याच शहरात १७०२ पासून एक घराणं सुशी अख्खी सासाच्या पानात गुंडाळूनच विकतंय. हे पान खायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा. तोंडात घातलंत तर बांबूच चावाल.

परतताना कोपऱ्यावर साशिमीवाला बसलाय, नुसते कात्सुओ आणि ट्यूनाचे काप विकणारा, पन्नास मोनांचे, शंभर मोनांचे. आणि तिथे तुमच्या चाळीतला शेजारी उभा आहे, सकाळी ज्याने भाव ऐकून दार लावून घेतलं होतं तो. आता त्याने स्वस्तात मोठा वाटा घेतलाय आणि विजयी मुद्रेने निघालाय. त्याला थांबवा. नाही थांबवता येणार? बरं.

मध्यरात्रीच्या आत त्याचं तोंड कंदिलासारखं लाल होईल, डोकं ठणकेल, अंगावर गांधी उठतील. एदोत याला कात्सुओ चढला असं म्हणतात. उन्हात दिवसभर पडलेल्या या माशात जंतू हिस्टामिन तयार करतात. त्याला वास नाही, उकळूनही ते जात नाही, आणि कुठल्या पानाची तिथे मात्रा चालत नाही. घरातली माणसं त्याला चेरीच्या झाडाची साल चघळायला देताहेत. वैद्य आलाय, आणि शेजाऱ्याला पोटापेक्षा लाज जास्त छळतेय, कारण वैद्याने तोंड बघताक्षणी ओळखलं की मासा कोणत्या वेळी आणि कोणत्या भावाने घेतला. या शहरातले विनोदी कवी अशाच माणसांवर टपलेले असतात. सकाळी तो पोरगा का पळत होता, ते आता कळलं? चवीसाठी पळत होता, आणि यासाठीही.

शेजारी सकाळपर्यंत बरा होईल. तुम्ही निघा आता, कंदील विझायच्या आत. तुमच्या काळात तो बाजार निहोनबाशीला सापडणार नाही. १९२३ च्या भूकंपानंतर तो त्सुकिजीला गेला आणि २०१८ मध्ये तिथून तोयोसूला. कात्सुओ बर्फात येतो आणि कुणी पळत नाही. तुमच्या सुशीच्या डब्यात दातेरी कडांची हिरवी पट्टी असते, ती त्या सासाच्या पानाची प्लास्टिकची नात. तिला हात लावू नका, ती खायची नाही. पण मुंबईत, पुण्यात, कुठेही, माशाच्या कापांखाली खरं शिसोचं पान आलं तर शोभेचं समजून कडेला सारू नका. काप त्यात गुंडाळा आणि खा. बिलात त्याचेही पैसे लावलेले असतात.